आठवं जाकीट

मिस्त्रीचं खरं नाव क्लबाच्या रजिस्टरात लिहिलेलं होतं. पण रजिस्टर मिस्त्रीच्याच कपाटात असायचं, त्यामुळे ते दुसऱ्या कुणाच्या वाचनात आलं नव्हतं. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात तो मिस्त्री होता म्हणून क्लबातही मिस्त्रीच राहिला, आणि बावीस वर्षांत त्यालाही दुसऱ्या नावाची गरज भासेनाशी झाली.

क्लब पाणबुड्यांचा. शहराबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत पाणी साचून खोल तळं झालं होतं. दर रविवारी सकाळी तिथे दातांचे डॉक्टर, एक वकीलबाई, दोन बिल्डर, एक मुख्याध्यापक अशी प्रतिष्ठित मंडळी जाड रबरी सूट चढवून बुडी मारायला येत. खाली पाहण्यासारखं फार नव्हतं. एक गंजलेली क्रेन, कुणीतरी टाकून दिलेला बाथटब, आणि एकमेकांची तोंडं. पाणी मात्र असं गार, की वर आल्यावर पहिली पाच मिनिटं कुणालाच आपल्या हुद्द्याची आठवण नसे. त्या पाच मिनिटांत सगळे मिस्त्रीला ‘अहो’ म्हणत. दात वाजायचे थांबले की पुन्हा ‘अरे’ सुरू.

पाण्यात सगळ्यांच्या आधी मिस्त्री उतरे आणि सगळ्यांनंतर बाहेर येई. मधल्या वेळात तो माणसं मोजायचा. बाकी आठवडाभर, पंपघराची पाळी सुटली की, तो तरणतलावाच्या गॅलरीखाली क्लबाला मिळालेल्या खोलीत हवेच्या बाटल्या भरायचा, झडपा साफ करायचा, आणि जाकिटं धुवायचा.

जाकिटांत त्याचा जीव होता. पाणबुड्याचं जाकीट अंगात घालतात खरं, पण ते ऊब देण्यासाठी नसतं. त्याच्या आत हवेची पिशवी असते. एक बटण दाबलं की पाठीवरच्या बाटलीतली हवा पिशवीत येते आणि माणूस वर उचलला जातो; दुसरं दाबलं की हवा निघून जाते आणि तो खाली जातो. दोन्हींच्या मधे अशी एक जागा असते, जिथे माणूस वरही जात नाही, खालीही जात नाही, नुसता अधांतरी राहतो. ती जागा सापडायला जाकीट अचूक मापाचं लागतं आणि कमरेला शिशाचे तुकडे नेमके लागतात. मिस्त्री ती जागा दुसऱ्याला शोधून द्यायचा. माणसाकडे एकदा बघून, हा साडेदहा किलोचा, ही आठची, असं तो सांगायचा, आणि शिसं फार तर एका तुकड्यानं चुकायचं. एका नव्या सभासदाच्या आईला त्यानं असं बघून सांगितलं होतं, तेव्हापासून ती बाई क्लबात आली नाही.

क्लबाचा एक नियम मिस्त्रीनं हट्टानं करून घेतला होता. नव्या जाकिटात, तरणतलावात, तीन मीटर खाली, हातपाय न हलवता एक मिनिट अधांतरी राहून दाखवल्याशिवाय कुणीही बाहेरच्या पाण्यात उतरायचं नाही. आणि ते मिनिट झालं म्हणून रजिस्टरात सही करायची ती मिस्त्रीनं. दुसऱ्या कुणाची चालणार नाही. एवढी एक गोष्ट त्याच्या हातात होती.

त्या वर्षी सभेत ठरलं की क्लबानं उबदार समुद्रावर जायचं. दहा दिवस, बोटीवर मुक्काम, पाणी अठ्ठावीस अंश. अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर. त्यांनी विचारलं, कोण कोण येणार, हात वर करा. सात हात वर झाले. मिस्त्रीनं केला नाही, कारण तो हात मोजत होता. सात, आणि एक आपण, असं त्यानं मनात धरलं, आणि जोड्यांनी उतरायचं तर आकडा सम हवा, बोट आठ जणांची घ्या, असं मोठ्यानं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, मिस्त्रीचं बरोबर आहे. इतिवृत्तात ‘एकूण आठ’ असं नोंदलं गेलं. इतिवृत्तही मिस्त्रीच लिहायचा.

घरी बायको मशीनवर बसली होती. ती घरीच शिवणकाम करायची. तिनं सगळं ऐकून घेतलं, दोरा दातानं तोडला आणि विचारलं,

“तुम्ही हात वर केलात का?”

“मी मोजत होतो.”

“म्हणजे नाही केलात.”

“अगं, माझ्याशिवाय जाणार कसे? बाटल्या कोण बघणार? आठ म्हटलं ना मी.”

“तुम्ही म्हटलंत. त्यांनी म्हटलं का?”

मिस्त्रीनं हा प्रश्न शिवणकाम करणाऱ्या बाईला पाण्यातलं काय कळतं या सदरात टाकला आणि दुसऱ्या दिवशी पंपघरात दहा दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात त्यानं ‘समुद्र’ असं लिहिलं. साहेबांनी ते खोडून ‘घरगुती’ केलं आणि मंजूर केलं.

मग जाकिटांची निवड सुरू झाली. मिस्त्रीच्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे सहा आठवडे. खाणीतली जुनी जाकिटं साडेचार किलोची, पाणी पिऊन सातची होणारी. ती विमानात नेली तर माणसाला एक चड्डी आणि दात घासायचा ब्रश एवढंच सामान नेता आलं असतं. नवी घ्यायलाच हवी होती. प्रत्येकाचं आपापलं मत होतं आणि ते इंटरनेटवरून आलेलं होतं. मोठ्या बिल्डरला ज्याला जास्त खिसे ते जाकीट हवं होतं. खिशांत काय ठेवणार हे त्यानं ठरवलं नव्हतं, पण जागा सोडायची नाही हा त्याचा पिंडच. वकीलबाईंना रंग महत्त्वाचा होता. मुख्याध्यापकांनी सत्तावीस जाकिटांचा तक्ता छापून आणला आणि त्यातलं कुठलंच उत्तीर्ण होत नाही असा निकाल सांगितला.

मिस्त्री सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि मग समजावायचा. गार पाण्यात सूट जाड असतो. जाड सूट तरंगतो, म्हणून त्याला बुडवायला शिसं जास्त, आणि ते शिसं उचलायला पिशवी मोठी. उबदार पाण्यात सूट पातळ. शिसं निम्म्याहून कमी. मग ती मोठी पिशवी पाठीवर कशाला वागवायची? नुसती पाण्यात फडफडेल. हलकं घ्या, दोन किलोच्या आसपासचं, ज्यात फोमच्या गाद्या नाहीत. गादी पाणी पिते आणि सकाळी ओलंच जाकीट अंगात चढवावं लागतं. हवा सोडायची झडप खांद्यावर एक हवी आणि कमरेमागे एक हवी, कारण तुम्ही डोकं खाली करून मासे बघत बसणार आणि हवा तेव्हा कमरेकडे जमणार. आणि शिसं मोजायचं ते बाटली भरलेली असताना नाही, संपत आलेली असताना. तिथल्या बाटल्या ॲल्युमिनियमच्या, रिकाम्या होता होता हलक्या होतात आणि शेवटच्या पाच मिनिटांत माणसाला बुचासारखं वर काढतात.

“मिस्त्री, तू कधी गेला होतास रे उबदार समुद्रावर?” वकीलबाईंनी कौतुकानं विचारलं.

“आता जाणार ना,” मिस्त्री म्हणाला.

वकीलबाई एकदम रंगांचं पुस्तक चाळू लागल्या. मिस्त्रीला ते खटकायला हवं होतं. पण तो त्या वेळी त्यांच्या छातीचं माप कुठल्या पद्धतीनं विचारावं याच्या विवंचनेत होता.

मापं त्यानं बायकोच्या मोजपट्टीनं घेतली. पातळ सुटावर जाकीट एक माप कमी लागतं. एक्सएलचा एलवर येतो, एमचा एसवर. कंपनीनं नमुन्याला म्हणून एल मापाचं एक जाकीट आधी पाठवलं, ते तो घरी घेऊन आला आणि बनियनवर चढवून आरशासमोर उभा राहिला. पट्टे ओढले. खांदे बरोबर. पोटाशी दोन बोटं जागा. बटण कुठल्याही बाटलीला जोडलेलं नव्हतं, म्हणून त्यानं तोंडानंच हवा फुंकली आणि जाकीट त्याच्या बरगड्यांना हळूच आवळत आलं. बायको दारातून बघत होती. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं, मग नवऱ्याचा चेहरा पाहिला, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला आत गेली.

आठ ओळींची यादी मिस्त्रीनं स्वच्छ अक्षरात लिहून अध्यक्षांकडे पाठवली. नावं लिहिली नव्हती, नुसती मापं. कुणाचं माप कुणाला कळू नये ही वकीलबाईंची अट होती. आठवी ओळ, एल. यादी दोन दिवसांनी सही होऊन परत आली. आठव्या ओळीतला एल खोडून तिथे एक्सएस केलेलं होतं.

मिस्त्रीनं यादी उजेडात धरून पाहिली. डॉक्टरांचं अक्षर, त्यात एवढं बरं, की चूक कुठली आणि अक्षर कुठलं हे सांगता यायचं नाही. पाळी सुटल्यावर तो थेट दवाखान्यात गेला. अध्यक्ष एका गृहस्थांच्या दाढेत काम करत होते. गृहस्थ आडवे, तोंड उघडं, गालात कापूस. अध्यक्षांनी मान न वळवता मिस्त्रीला आत बोलावलं. घरच्या माणसाला बाहेर बसवायची त्यांची पद्धत नव्हती.

“डॉक्टर, आठव्या ओळीत माप चुकून पडलंय.”

“चुकून नाही रे. आमचे व्याही येतायत. मुलीचे सासरे. बारीक चणीचे आहेत, एक्सएसच लागेल त्यांना.”

“मग आपण नऊ झालो. बोट आठांची आहे.”

“आठच आहोत. सात आणि ते.” अध्यक्षांनी आरसा बदलला. “चूळ भरा.”

गृहस्थांनी चूळ भरली आणि पुन्हा तोंड उघडलं. कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये पाण्याची बारीक धार गोल गोल फिरत होती. मिस्त्री तिच्याकडे पाहत राहिला. नळाचा वायसर गेलेला होता.

“मला वाटलं होतं...” तो म्हणाला.

तेव्हा कुठे अध्यक्ष वळले. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं, आणि हेच सगळ्यात वाईट होतं. लबाडी असती तर मिस्त्रीला काहीतरी बोलता आलं असतं.

“तुला यायचं होतं? मग हात का नाही वर केलास?”

“मी मोजत होतो.”

“बघ म्हणजे!” अध्यक्षांनी हातातली सुई खाली ठेवली. “अरे, तू घरचा माणूस. तुझं काय, तू केव्हाही येशील. पण व्याह्यांना मी बोलून बसलोय. आता नाही म्हटलं तर पोरीला सासरी ऐकून घ्यावं लागेल. तूच सांग, तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?”

खुर्चीतल्या गृहस्थांनी मिस्त्रीकडे डोळे वळवले आणि काहीतरी म्हटलं. जे म्हणायचं होतं ते कापसात राहिलं.

“वायसर बदलून देतो,” मिस्त्री म्हणाला, आणि त्यानं तो बदलून दिला.

घरी आल्यावर बायकोला सांगावंच लागलं नाही. तिनं नुसतं विचारलं, “कोण?” तो म्हणाला, “व्याही.” ती काही वेळ मशीन चालवत राहिली. मग म्हणाली की तिनं इतकी वर्षं लोकांच्या मुलींचे लग्नाचे कपडे शिवले, एकीनं तरी जेवायला बोलावलं का; तेव्हा तिला यात नवल काहीच वाटत नाही. वाईट वाटतंय का, हे मिस्त्रीनं विचारलं नाही. मशीन नेहमीपेक्षा जोरात चालत होतं आणि शिवण वाकडी जात होती.

“तुमची सही लागते ना हो त्याला?” तिनं जरा वेळानं विचारलं.

मिस्त्रीच्याही मनात घरी येताना नेमकं तेच आलं होतं. एक मिनिट. व्याह्यांना एक मिनिट अधांतरी राहता आलं नाही, तर रजिस्टरात सही नाही. सही नाही तर आठवी जागा रिकामी. त्यात खोटं काही नव्हतं. नियम नियमाप्रमाणे चालला असता, एवढंच.

व्याही शनिवारी सकाळी तरणतलावावर आले. पोस्टातून निवृत्त झालेले, साठीचे, टॉवेल घडी घालून काखेत धरलेला. दोन महिन्यांपूर्वी अध्यक्षांनी त्यांना सुट्टीवर नेऊन पाणबुड्याचा प्राथमिक दाखला मिळवून दिला होता. तो त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटात आणला होता. मिस्त्रीनं तारीख पाहिली. सभेच्या तीन आठवडे आधीची. म्हणजे हात वर केला असता तरी... त्यानं दाखला नीट पाकिटात घालून परत दिला.

अध्यक्ष फोनवर बोलत पलीकडे गेल्यावर व्याही हळूच म्हणाले,

“मिस्त्रीसाहेब, एक विचारू? यात नापास होतं का कुणी?”

बावीस वर्षांत त्याला साहेब म्हणणारा हा पहिला माणूस, तोही गार पाण्याच्या मदतीशिवाय.

“होतात कधीकधी.”

“नाही, म्हणजे, माझी हरकत नाही.” व्याह्यांनी अध्यक्षांच्या पाठीकडे पाहिलं. “मला खोल पाण्याची धास्तीच वाटते हो. पण त्यांनी एवढ्या आग्रहानं बोलावलं. नको म्हटलं तर त्यांना वाटेल, मुलाकडचे म्हणून ताठा दाखवतोय. उद्या सुनेला माहेरी ऐकून घ्यावं लागेल.”

“मग त्यांना तसं सांगा की.”

“तुम्ही सांगाल?”

मिस्त्रीनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अध्यक्षांना वाटलं असतं की मिस्त्री जागेसाठी व्याह्यांचे कान भरतो आहे. आणि ते तसं नव्हतं, पण इतकं तसंच होतं की सांगायची सोय राहिली नव्हती. त्याऐवजी त्यानं व्याह्यांकडे एकदा पाहिलं. चोपन्न किलो. हाडं हलकी, छाती अरुंद, श्वास भित्रा म्हणजे वरवरचा. तलावाचं पाणी गोडं. दोन किलो. समुद्रात पाचाच्या आत-बाहेर.

शिशाचे तुकडे फळीवर ओळीनं मांडलेले होते. मिस्त्रीनं एक किलोचे दोन उचलले. मग तिसरा उचलला. तिसरा लावला असता तर व्याही तळाशी बसले असते, हवा भरत, वर जात, पुन्हा बसत, आणि मिनिटाचा प्रश्नच मिटला असता. व्याह्यांनीच आभार मानले असते. त्यानं तिसरा तुकडा पट्ट्यात ओवला. पट्टा हातात तोलून पाहिला. तो चुकीचा लागत होता. दुसऱ्या कुणाला लागला नसता, पण त्याच्या मनगटाला लागत होता, जसा वाकडा लागलेला स्क्रू लागतो. त्यानं तिसरा तुकडा काढून फळीवर ठेवला.

“श्वास मोजून घ्या,” तो म्हणाला. “चार आत, सहा बाहेर. बाकी काही करू नका. जाकीट करेल.”

जाकिटानं केलं. व्याही तीन मीटरवर पोहोचले, घाबरून दोन वेळा पाय मारले, मग पाय मारायची गरजच नाही हे पायांच्या लक्षात आलं. ते स्थिर झाले. पोस्टातल्या खिडकीत बसावं तसे हात जुळवून, डोळे मोठे करून, ते निळ्या फरशांसमोर अधांतरी राहिले. वर नाही, खाली नाही. मिस्त्री समोर तसाच अधांतरी, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. साठ सेकंद झाले. त्यानं खूण केली. व्याह्यांनी मान हलवली नाही. त्यांना बरं वाटत होतं. एक मिनिट पन्नास सेकंद.

बाहेर आल्यावर व्याह्यांचा चेहरा पुन्हा पडला. आपण पास झालो हे त्यांना कळलं होतं. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. “मिस्त्री, मानलं बुवा तुला. तू दगडालाही अधांतरी ठेवशील.” व्याही कसनुसे हसले. मिस्त्रीनं रजिस्टरात सही केली.

निघायच्या आदल्या दिवशी त्यानं आठही जाकिटं धुऊन, वाळवून, आपल्या पद्धतीनं गुंडाळून दिली. पट्टे आत, झडपा वर, आणि भोवती सायकलच्या जुन्या ट्यूबचं कापलेलं रबर, दोन वेढे देऊन, टोक आत खोचून. नमुन्याचं एल मोठ्या बिल्डरला चपखल बसलं होतं. सोबत आठ जणांच्या शिशाचा कागद दिला, बाटली संपत येतानाच्या हिशेबानं. कागदाखाली लिहिलं, ‘परतताना जाकिटाच्या आतलं पाणी काढणे.’

रजा रद्द होईना. बदलीच्या माणसाची सोय झाली होती आणि साहेब म्हणाले, घरगुती कारण कसं रद्द होतं? मिस्त्री दहा दिवस घरी बसला. रजा घेतलीच आहे तर माळा आवरा, असं बायको म्हणाली, म्हणून त्यानं माळा आवरला. चौथ्या दिवशी माळा संपला. पाचव्या दिवशी त्यानं घरातल्या सगळ्या नळांचे वायसर बदलले, सहाव्या दिवशी शेजारच्यांचे. सातव्या दिवशी बायकोनं मशीन बंद केलं आणि दोघं बागेपर्यंत चालत जाऊन आली. वाटेत ती काही लागेलसं बोलली नाही. तेवढंच त्याला जड गेलं.

मंडळी परत आली ती तांबूस होऊन. जाकिटांची पोती खोलीच्या दाराशी टाकून सगळे पांगले. कुणी काही पाळलं नव्हतं. बादलीत बुचकळून काढली होती, आतलं पाणी आतच. मिस्त्रीनं नेहमीचं मापाचं भांडं घेतलं. हवा सोडताना ज्याचा बटणावर ताबा नाही, त्याच्या पिशवीत पाणी शिरतं. कोण किती घाबरलं हे मिस्त्रीला ते पाणी मोजून कळायचं. त्याची एक वेगळी वही होती, आणि ती पाहून कितीतरी मोठी माणसं त्याच्याशी जपून बोलली असती, पण ती कुणी पाहिली नव्हती. वकीलबाई, नव्वद मिली. मुख्याध्यापक, एकशे चाळीस. मोठा बिल्डर, तीनशे. अध्यक्षांनी चारशे वीस मिली समुद्र विमानानं घरी आणला होता. मिस्त्रीनं त्यात बोट बुडवून जिभेला लावलं. खारट होतं. उबदार नव्हतं.

आठवं जाकीट पोत्याच्या तळाशी होतं. ट्यूबचं रबर त्यावर तसंच होतं. दोन वेढे, टोक आत खोचलेलं. त्यानं बराच वेळ ते हातात धरलं. मग सोडलं, झडप उघडली, भांड्यावर उलटं केलं, हलवलं. काही आलं नाही. बटणाच्या खाचेत मिठाचा कण नाही. पट्टे आत, झडपा वर, त्यानं ठेवले होते तसे.

अध्यक्ष संध्याकाळी आले, खुशीत. शिशाचा कागद इतका नेमका होता, ते म्हणाले, की कुणाला कसली अडचणच आली नाही. “खरं सांगू, मिस्त्री, तुझी आठवणसुद्धा आली नाही कुणाला. इतकं चोख काम.” मग त्यांनी रजिस्टर मागितलं. व्याह्यांनी अकरा बुड्या मारल्या, अठरा मीटरपर्यंत, अगदी माशासारखे. तेवढी नोंद करून खाली सही कर, प्रमाणपत्र छापायचं आहे, त्यांच्या दिवाणखान्यात लावायला.

“डॉक्टर, ते एकदा तरी उतरले का?”

“म्हणजे?”

मिस्त्रीनं रबर दाखवलं. अध्यक्षांनी ते पाहिलं, आणि दातांचा फोटो पाहताना करतात तसा चेहरा केला.

“बोट लागली त्यांना पहिल्याच दिवशी. सावलीत बसून होते बिचारे, टोपी घालून. पण असं बोलून दाखवायचं असतं का? माणसाचा मान असतो की नाही?”

“जागा रिकामी गेली.”

“रिकामी कशी? व्याही होते ना.”

मिस्त्रीनं पेनाला टोपण लावलं. बावीस वर्षांत जे झालं नाही त्यावर त्यानं सही केली नव्हती, आणि तसं त्यानं सांगितलं. फार हळू सांगितलं, पण सांगितलं. आता अध्यक्ष चिडतील असं त्याला वाटलं. ते चिडले नाहीत. त्यांनी रजिस्टर आपल्याकडे वळवलं, खिशातलं पेन काढलं आणि स्वतःच सही केली.

“त्यात काय एवढं,” ते म्हणाले. “तुझी काय नि माझी काय.” पाठ थोपटून ते दारापर्यंत गेले आणि आठवण होऊन थांबले. “ते छोटं जाकीट नीट ठेव हं. पुढच्या वर्षी पुन्हा जायचं ठरतंय. विहीणबाईसुद्धा येईन म्हणतायत. त्यांचं माप घेऊन ठेव.”

मिस्त्रीनं वहीत आठव्यासमोर शून्य लिहिलं. कोरडं असलं तरी जाकीट धुतलं, कारण यादीत आठ होती. मग साठवणीच्या नियमाप्रमाणे त्यात तोंडानं अर्धी हवा फुंकली आणि खुंटीला टांगलं.

“काय म्हणाले?” घरी बायकोनं विचारलं.

“पुढच्या वर्षी विहीणबाई येतायत.”

ती हसली, आणि हसता हसता तोंड फिरवून मशीनपाशी जाऊन बसली. मापं कोण घेणार, हे तिनं विचारलं नाही.

सकाळी तो पाळीवर निघाला, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरला, तेव्हा वरून तिची हाक आली.

“अहो, हे राहिलं तुमचं.”

तिनं मोजपट्टी गुंडाळून खाली टाकली. त्यानं ती एका हातात झेलली आणि खिशात घातली.